18, स्टॅफर्ड टेरेस : एक बिऱ्हाड जसंच्या तसं कसं टिकलं

लंडनच्या केन्सिंग्टन भागातलं 18, स्टॅफर्ड टेरेस हे घर कोणा नामवंत वास्तुविशारदाने एका कुटुंबासाठी आखलेलं नाही. 1870 च्या आसपास बिल्डरने ओळीने एकसारखी घरं उभी केली, त्यांतलं हे एक. दारापुढे खांबांची छोटी पोर्च, खालच्या भागाला गिलावा, वर वीट, इटालियन धाटणीच्या खिडक्या. त्या काळात पश्चिम लंडनमध्ये अशी घरं गल्लीगल्लीत झाली. तरीही आज लोक तिकीट काढून हे घर बघायला येतात, कारण 1875 मध्ये इथे राहायला आलेल्या व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्नच्या कुटुंबाचा संसार आत अजून मांडलेला आहे. भिंतीवरचे कागद, चिनी मातीची भांडी, खुर्च्या, पडदे, चित्रं, बहुतेक सगळं जागच्या जागी.

या ओळीतल्या आणि आसपासच्या बहुतेक घरांचं पुढे जे झालं ते कुठल्याही मोठ्या शहरात होतं. वारसांनी विकली, मजल्यांचे फ्लॅट झाले, जुनं सामान लिलावात गेलं. मग याच घराचं तसं का झालं नाही? वास्तू असामान्य होती म्हणून ती टिकली, हे उत्तर इथे लागू पडत नाही. म्हणून मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं. राजवाडे आणि चर्च टिकवायला मागे सत्ता आणि पैसा उभा राहतो. मध्यमवर्गीय माणसाचं घर टिकायला काय लागतं, ते इथे एकेक करून बघता येतं.

जमीन, पट्टा आणि जिना

आधी मालकी. लंडनमध्ये त्या काळी जमीन मोठ्या घराण्यांची असे. स्टॅफर्ड टेरेसची जमीन फिलिमोर इस्टेटची. जमीनमालक बिल्डरशी करार करी, बिल्डर स्वतःचे पैसे घालून घरं बांधी आणि मग ती लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकली जात. लिन्ली आणि मॅरियन सँबोर्न यांनी 2,000 पौंड देऊन 89 वर्षांचा पट्टा घेतला. म्हणजे घर त्यांचं, जमीन दुसऱ्याची. बिल्डरही घर कोण घेणार ते ठाऊक नसताना बांधत असे. त्यामुळे नकाशा ठरलेला: रुंदीला कमी, खोलीला जास्त, आणि जागा हवी तर वर चढा.

या घरात समाजाची उतरंड जिन्यानेच आखून दिली आहे. तळघरात स्वयंपाकघर. रस्त्याच्या पातळीवर पुढे जेवणघर आणि मागे सकाळच्या बैठकीची खोली. पहिल्या मजल्यावर घराची पूर्ण लांबी व्यापणारा दिवाणखाना. त्यावर नवराबायकोची झोपायची खोली. सगळ्यात वर मुलांची खोली आणि मोलकरणींची जागा. म्हणजे ज्यांना दिवसभर तळघरात राबायचं त्यांचं अंथरूण थेट छपराखाली. कोळसा, गरम पाणी, चहाचा ट्रे, सगळं हातात धरून याच जिन्याने वर जायचं. मी जुन्या घरात गेलो की आधी जिना बघतो, कारण घरातले कष्ट कोणाच्या वाट्याला होते ते तिथे कळतं.

जिन्याच्या वळणावर एक गंमत आहे. खिडकीच्या जागी बाहेर काढलेली काचेची पेटी, तिच्यात नेचे आणि शिंपले. या पेट्यांना नाव मिळालं ते नॅथनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरवरून. 1829 च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की बंद काचेत रोप स्वतःच्याच ओलाव्यावर जगतं. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लंडनमध्ये नाजूक झाड वाढवायचा तो एक उपाय होता. पण त्याचा मोठा उपयोग जहाजांवर झाला. चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या उतारांवर आली ती अशाच पेट्यांमधून, आणि हिवतापावरचं औषध देणाऱ्या सिंकोनाची निलगिरीत आली तीही. केन्सिंग्टनमधल्या जिन्यावरची शोभा आणि आपल्या हातातला चहा यांचा असा जवळचा संबंध आहे.

घरधनी

एडवर्ड लिन्ली सँबोर्न 1844 साली जन्मला. सोळाव्या वर्षी तो ग्रीनिचच्या एका जहाज-इंजिनांच्या कारखान्यात नकाशे काढायला उमेदवार म्हणून लागला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण जवळजवळ नाहीच. 1867 मध्ये 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात त्याचं पहिलं चित्र छापून आलं आणि मग आयुष्यभर तो तिथलाच झाला. जॉन टेनियल निवृत्त झाल्यावर 1901 मध्ये मुख्य व्यंगचित्रकाराची जागा त्याला मिळाली.

'पंच' चा दबदबा आपल्याकडेही होता. मुंबईत निघणारं 'हिंदी पंच' उघडपणे त्याच्याच घाटावर बेतलेलं होतं. आणि सँबोर्नचं एक चित्र तर नाव माहीत नसलेल्यांनीही पाहिलेलं असतं: दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश साम्राज्यवादी पुढारी सेसिल ऱ्होड्स एक पाय कैरोवर आणि दुसरा दक्षिण टोकाच्या केपवर रोवून अख्ख्या आफ्रिकेवर उभा आहे, हातात तारेची वायर. डिसेंबर 1892 मधलं ते चित्र वसाहतवादावरच्या पुस्तकांमध्ये आजही हमखास असतं. तेव्हा लिन्लीचं काम चालायचं ते याच घराच्या दिवाणखान्याच्या मागच्या टोकाला. वेगळा स्टुडिओ नव्हता. पाहुणे बसत त्याच खोलीत, उजेडाच्या बाजूला, चित्राची घोडी लावलेली असे. मुलगी मॉडचं 1898 मध्ये लग्न झालं, त्यानंतर मुलांची वरची खोली मोकळी झाली आणि तो तिथे हलला.

हा तपशील महत्त्वाचा आहे. लिन्लीची गाठभेट असलेले चित्रकार जवळच हॉलंड पार्कच्या आसपास राहत. फ्रेडरिक लेटनने तर वास्तुविशारद जॉर्ज एचिसनकडून स्वतःसाठी खास घर बांधून घेतलं आणि पुढे त्याला दमास्कसच्या फरशांनी मढवलेलं अरबी दालन जोडलं. लेटन ब्रशने रंगवणारा, रॉयल अकादमी या कलावंतांच्या बड्या संस्थेचा अध्यक्ष झालेला. लिन्ली आठवड्याच्या मुदतीवर शाईने काम करणारा माणूस. लेटनसारखं घर बांधायची त्याची ऐपत नव्हती, हौस मात्र तेवढीच होती. हौस आणि ऐपत यांत जे अंतर पडलं, त्यातून 18, स्टॅफर्ड टेरेसचं आतलं रूप घडलं.

एक भिंत जवळून

1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये सुशिक्षित घरांत एक नवी आवड शिरली होती. आधीची झगमगती, सोनेरी सजावट मागे पडून निळी-पांढरी चिनी भांडी, जपानी वस्तू, विल्यम मॉरिसच्या पानाफुलांचे कागद, जुन्या धाटणीचं लाकडी सामान यांचे दिवस आले. सँबोर्न दांपत्याने लग्नानंतर लगेच हीच वाट धरली. जेवणघरात मॉरिसचा फळांचा कागद, वर भिंतीला फिरवलेली फळी आणि तिच्यावर ओळीने मांडलेली निळी-पांढरी भांडी.

दिवाणखान्यातही आधी मॉरिसचाच कागद होता. पुढे लिन्लीला कोरीव चामड्यासारखा दिसणारा, सोनेरी झाक असलेला भारी कागद लावावासा वाटला. तो महाग. तोवर भिंतीवर चौकटींची इतकी गर्दी झालेली की वितीएवढी मोकळी जागा शोधावी लागे. मग त्याने काय केलं, तर चित्रं जिथे टांगलेली आहेत त्याच्या मागे नवा कागद लावलाच नाही. दिसेल तेवढ्याच पट्ट्या चिकटवल्या. चित्र उचललं की खाली जुना मॉरिस तसाच.

या एका गोष्टीत मला सगळं घर दिसतं. ज्याच्याकडे पैसा जास्त असतो तो जुनं खरवडून काढतो आणि नवं लावतो, त्यामुळे त्याच्या घरात एकच काळ उरतो. लिन्लीने काटकसरीपायी जुन्याच्या वर नवं चढवलं. त्या काटकसरीमुळे अभ्यासकांना आज दोन्ही थर वाचता येतात, आणि मॉरिसचा तो कागद उजेडापासून दूर राहिल्याने त्याचा मूळ रंगही कळतो. घर जपण्याचा हा पहिला टप्पा. तो कोणीही ठरवून केलेला नाही.

चौकटींतली चित्रंही बघण्यासारखी आहेत. पुष्कळशी मुळात चित्रं नाहीतच. नामवंत चित्रांचे फोटो आणि छापील प्रती, 'पंच' मधल्या सहकाऱ्यांची रेखाटनं, लिन्लीची स्वतःची. सामानातही अठराव्या शतकातल्या घाटाच्या नकला पुष्कळ. कोणी याला दिखाऊपणा म्हणेल, मला तसं वाटत नाही. ज्या काळात फोटो आणि छपाई पहिल्यांदा स्वस्त झाली, त्या काळातल्या मध्यमवर्गाने कला घरात आणायची हीच रीत होती. आपल्याकडे रविवर्म्याची छापील चित्रं घरोघर लागली, त्यामागची ओढ हीच होती.

खिडक्यांना रंगीत काचा आहेत. त्यांची रेखाटनं लिन्लीनेच केली. त्यांच्यामुळे आत येणारा उजेड कमी होतो आणि बाहेरचा रस्ता दिसत नाही. आजच्या माणसाला ही घरं कोंदट वाटतात. पण खिडकीबाहेर कोळशाचा धूर आणि घोड्यांची वर्दळ असताना घर आतल्या बाजूला वळणं स्वाभाविक होतं, आणि गडद रंग काजळी लपवत.

न्हाणीघर, अंगण आणि निळे फोटो

'पंच' चं वेळापत्रक कडक होतं. दर बुधवारी रात्री संपादक आणि चित्रकार जेवायला जमत आणि तिथेच त्या आठवड्याच्या मोठ्या चित्राचा विषय ठरे. शुक्रवारी रात्रीपर्यंत चित्र तयार हवं. नकाशे काढून हात बसलेल्या लिन्लीला प्रत्येक बटण, प्रत्येक घडी, बंदुकीचा प्रत्येक खटका अचूक लागे, आणि दोन दिवसांत ते आठवणीतून काढणं शक्य नव्हतं.

म्हणून 1880 च्या दशकात त्याने कॅमेरा हाती घेतला. मागच्या छोट्या अंगणात तो स्वतः सेनापती व्हायचा, रोमन योद्धा व्हायचा, कधी झगा गुंडाळून बाई व्हायचा. बायको, मुलं, मोलकरणी, घोडागाडी सांभाळणारा नोकर, रस्त्यावरचा पोलीस, कोणीही सुटत नसे. फोटोच्या काचा वरच्या न्हाणीघरात धुतल्या जात आणि फोटो सायनोटाइप पद्धतीने निघत. ही पद्धत स्वस्त: लोहक्षार लावलेला कागद उन्हात ठेवायचा आणि साध्या पाण्यात धुवायचा, गडद निळं चित्र उमटतं. न्हाणीघरातला संगमरवरी टब अंघोळीपेक्षा फोटो धुवायलाच जास्त उपयोगी पडला असावा. संगमरवर पाण्यातली ऊब चटकन ओढून घेतो, त्यामुळे त्यात बसून अंघोळ करणं सुखाचं नव्हतंच.

संग्रह वाढत वाढत सुमारे 30,000 फोटोंवर गेला. विषयवार लावलेला. घोडा हवा तर घोड्याचा खण उघडायचा. वास्तूच्या दृष्टीने पाहिलं तर या घरात एक धंदा चालत होता आणि त्याने प्रत्येक मजल्यावर आपली जागा करून घेतली होती: दिवाणखान्यात रेखाटन, अंगणात मांडणी, न्हाणीघरात रसायनं, कपाटांत दफ्तर. 'राहतं घर' आणि 'कामाची जागा' यांची सीमारेषा मूळ नकाशात नव्हती आणि लिन्लीने ती आखलीही नाही.

या संग्रहाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यात विवस्त्र मॉडेलचे पुष्कळ फोटो आहेत, आणि उतारवयात तो केन्सिंग्टनच्या रस्त्यांवर लपवलेला कॅमेरा घेऊन हिंडे आणि येणाऱ्याजाणाऱ्या मुलीबायकांचे त्यांच्या नकळत फोटो काढी. एडवर्डियन काळातल्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रस्त्यावरच्या पोशाखांचा तो दुर्मीळ पुरावा आहे, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण ज्यांना कोणी विचारलं नाही त्यांची ती चित्रं आहेत. घराचं कौतुक करताना ही गोष्ट तळटीपेत ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे.

मॅरियनची वही

मॅरियन एका सधन शेअर दलालाची मुलगी. 1874 मध्ये तिचं लिन्लीशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मॉड आणि 1878 मध्ये रॉय. 1881 पासून 1914 मध्ये मरेपर्यंत तिने रोजनिशी ठेवली. तिच्यात मोठे विचार नाहीत. कोण जेवायला आलं, काय रांधलं, कशाला किती पडले, कोणाची तब्येत कशी, नाटक कसं झालं, कोणती मोलकरीण निघून गेली. लिन्लीचीही वेगळी रोजनिशी आहे, तीही त्रोटक.

वास्तूचे अभ्यासक पूर्वी असल्या वह्यांकडे फारसे वळत नसत, कारण त्यांत नकाशे नसतात. पण जेवणघर किती माणसांसाठी होतं हे नकाशा सांगतो, आणि तिथे खरोखर किती माणसं बसली, कशासाठी, आणि दुसऱ्या दिवशी खर्चाची काळजी कोणाला लागली हे मॅरियन सांगते. त्याखेरीज 1877 साली घरातल्या सामानाची खोलीवार यादी झाली होती. यादी, दोन वह्या आणि हजारो फोटो एकत्र ठेवले की अमुक खुर्ची केव्हा आली आणि तमुक भांडं कुठे होतं ते ताडून बघता येतं. व्हिक्टोरियन काळातली सुंदर दालनं इंग्लंडमध्ये इतरत्रही आहेत. पण बोलणाऱ्या कागदपत्रांसकट असलेलं मध्यमवर्गीय घर सहसा मिळत नाही.

मोलकरणींच्या बाजूने मात्र असा कागद नाही. त्या मॅरियनच्या वहीत येतात त्या बहुतेक अडचण म्हणून, आणि लिन्लीच्या फोटोंत येतात त्या दुसऱ्या कोणाच्या तरी पोशाखात.

वारसांनी काय केलं, काय केलं नाही

लिन्ली 1910 मध्ये गेला, मॅरियन 1914 मध्ये. घर मुलाकडे आलं. रॉय ईटन आणि ऑक्सफर्डला शिकला, पण नोकरीधंद्यात विशेष रमला नाही आणि त्याने लग्नही केलं नाही. एडना मे नावाच्या अमेरिकन गायिका-अभिनेत्रीवर त्याचं मन जडलं होतं. त्याच्या खोलीत नटींचे फोटो अजून लावलेले आहेत. 1946 पर्यंत तो आईवडिलांच्या घरात राहिला आणि त्याने फारसं काही बदललं नाही.

आपल्याकडे वाडे का गेले याचा विचार करताना हा मुद्दा मनात येतो. घर मोडतं ते बहुधा संसार वाढताना: भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, मधे भिंती घातल्या जातात, नव्या सुनेला नवं स्वयंपाकघर लागतं. इथे एकच वारस, एकटा, आणि नवं काही करण्याची हौस नसलेला. वर ज्या दोन महायुद्धांच्या मधल्या काळात 'व्हिक्टोरियन' हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता आणि लोक आजीचं सामान गाड्या भरभरून फेकून देत होते, नेमका तोच काळ रॉयने काहीही न करता काढला. हा या घराच्या नशिबाचा भाग, आणि तो मान्य केला पाहिजे.

रॉयनंतर घर बहिणीकडे गेलं. मॉडचं सासर मेसेल कुटुंबाचं, ससेक्समधलं नायमन्स हे त्यांचं मोठं घर आणि त्याहून प्रसिद्ध बाग. 1947 च्या फेब्रुवारीत नायमन्सच्या घराला आग लागली आणि बराचसा भाग जळून गेला. म्हणजे भावाचं घर हाती आल्यावर थोड्याच दिवसांत तिने स्वतःचं घर गमावलं. माहेर जपण्याची तिची ओढ त्यानंतर अधिक घट्ट झाली असेल, असं मला वाटतं.

मॉडची मुलगी अ‍ॅन. ती दुसऱ्या लग्नाने काउंटेस ऑफ रॉस झाली. तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स. त्याने 1960 मध्ये राजकन्या मार्गारेटशी लग्न केलं, आणि योगायोग असा की तोही पेशाने फोटोग्राफर. अ‍ॅनने हे घर लंडनमधल्या मुक्कामासाठी आणि मेजवान्यांसाठी वापरलं. आजोळच्या माणसांची आठवण तिने तिथे संस्थेच्या कामाला लावली.

नोव्हेंबर 1957

नोव्हेंबर 1957 मध्ये याच घरात अ‍ॅनने काही लोकांना बोलावलं. कवी जॉन बेट्जमन आणि कला-इतिहासकार निकोलस पेव्ह्सनर हे त्या मंडळींतले. व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन वास्तू वाचवण्यासाठी संस्था काढायची असं ठरलं आणि 1958 मध्ये व्हिक्टोरियन सोसायटी सुरू झाली.

सुरुवात पराभवांनी झाली. 1961-62 मध्ये युस्टन स्टेशनची कमान पाडली गेली, 1962 मध्ये कोळशाच्या व्यापाराची कोल एक्स्चेंज ही इमारत. पण सेंट पँक्रस स्टेशन आणि त्याचं हॉटेल पाडायचा विचार पुढे आला तेव्हा सोसायटी खंबीर उभी राहिली आणि 1967 मध्ये त्याला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. त्या हॉटेलचा वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवरही त्याच्याच आराखड्यावर 1878 मध्ये पुरा झाला, म्हणजे सँबोर्न कुटुंब स्टॅफर्ड टेरेसमध्ये स्थिरस्थावर होत होतं त्याच वर्षांत. मुंबईतल्या गॉथिक इमारतींना आणि आर्ट डेको घरांना 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. व्हिक्टोरियन शैलीकडे आदराने बघायची नजर लंडनमध्ये तयार झाली, तिची एक सुरुवात या दिवाणखान्यात झाली होती.

1980 मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल या शहराच्या प्रशासनाने घर सामानासकट घेतलं आणि व्हिक्टोरियन सोसायटीच्या देखरेखीखाली ते लोकांसाठी उघडलं. इथे घर थोडक्यात वाचलं असंच म्हणायला हवं. 1986 मध्ये कौन्सिलच बरखास्त झालं. आणखी सहासात वर्षं उशीर झाला असता तर असं घर विकत घेणारी शहरपातळीवरची सार्वजनिक संस्था लंडनमध्ये उरली नसती. 1989 मध्ये घर केन्सिंग्टन अँड चेल्सी बरोकडे, म्हणजे त्या भागाच्या स्थानिक पालिकेकडे, आलं आणि आजही त्यांच्याकडे आहे.

कोणत्या सालचं घर जपायचं?

संवर्धन करणाऱ्यांपुढचा अवघड प्रश्न हा. 1877 चं? मॅरियनच्या शेवटच्या वर्षाचं? घरात रॉयची खोली आहे, आणि मुख्य शयनगृहावर अ‍ॅनचा विसाव्या शतकातला हात स्पष्ट दिसतो. एक सरळसोट मार्ग असा होता की सँबोर्न दांपत्यानंतरचं सगळं काढून टाकायचं आणि एकोणिसावं शतक चकाचक उभं करायचं. पुष्कळ ठिकाणी तसं करतात. इथे तसं केलं नाही, नंतरच्या दोन पिढ्यांना राहू दिलं, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. घर टिकलं ते त्या दोन पिढ्यांमुळे. त्यांनाच पुसून टाकलं असतं तर ते कसं टिकलं हे सांगणारा पुरावाच गेला असता.

दुसरा निर्णय उजेडाचा. कागद, कापड आणि फोटो प्रकाशाने विरतात, म्हणून खोल्या मंद ठेवतात. लोकांची तक्रार असते की नीट दिसत नाही. पण गॅसच्या दिव्यांच्या काळात संध्याकाळी या खोल्या फार उजळ नव्हत्याच. थोडा वेळ थांबलं की डोळे सरावतात, भांड्यांच्या कडा आणि चौकटींचं सोनं दिसू लागतं, आणि सजावट नेमकी कशासाठी केली होती ते लक्षात येतं.

आपल्याकडे या प्रकरणातून घेण्यासारखं काय, याचा मी बराच विचार केला. मुंबईत 1995 मध्ये वारसा नियमावली आली आणि इमारतींना श्रेणी मिळाल्या. त्याने पुष्कळ दर्शनी भाग वाचले. पण पहिली श्रेणी सोडली तर नियमांचा भर मुख्यतः बाह्यरूपावर राहतो. गिरगावातली, पुण्याच्या पेठांतली, पणजीच्या फोंतेन्यासमधली राहती घरं बाहेरून तशीच ठेवून आतून पूर्ण बदलता येतात, आणि पुष्कळांना राहायची सोय म्हणून ते करावंच लागतं. त्यात चूक काढायला मी धजणार नाही. पण एक काम नियमांशिवाय आणि जवळजवळ पैशांशिवाय होतं: घर पाडण्याआधी किंवा वाटणी होण्याआधी खोलीवार सामानाची यादी करणं, भिंती आणि फळ्यांचे फोटो काढणं, आणि जमाखर्चाच्या वह्या रद्दीत न टाकणं. 18, स्टॅफर्ड टेरेसच्या विटा उद्या नाहीशा झाल्या तरी त्याच्या कागदांवरून ते घर बरंचसं पुन्हा सांगता येईल. आपल्या बहुतेक घरांबद्दल असं म्हणता येत नाही.

लेटन हाऊस आणि सँबोर्न हाऊस (म्हणजेच 18, स्टॅफर्ड टेरेस) ही दोन्ही घरं बरोकडेच आहेत आणि मोठ्या कामानंतर 2022 मध्ये ती नव्याने खुली झाली. हाय स्ट्रीट केन्सिंग्टन स्टेशनवरून दोन्हीकडे चालत जाता येतं. शक्य असेल तर एकाच दिवशी बघा, आधी लेटनचं आणि मग सँबोर्नचं, म्हणजे हौस तीच असताना पैशाने किती फरक पडतो ते कळतं. आणि जाण्याआधी लिन्ली आणि मॅरियनच्या रोजनिश्यांच्या टंकलिखित नकलांतलं एखादं वर्ष चाळून जा. लिन्लीची एक नोंद, मॅरियनची त्याच दिवसाची नोंद, आणि मग ती खोली.